चार काड्यांचं अंतर

"पाय काढा, अण्णा."

"कुठून काढू?"

"दोन्हीवरून. एक्सिलेटरवरून पण आणि ब्रेकवरून पण. खाली टेकवा आणि निवांत बसा."

वैजूचा आवाज गाडीच्या स्पीकरमधून येत होता. वैजू म्हणजे माझा मुलगा वैजनाथ. तो माझ्या मागे, माझ्या जुन्या गाडीत आणि मी पुढे, त्याच्या कोऱ्या गाडीत. समृद्धी महामार्गावर सकाळचे साडेनऊ, काटा नव्वदवर, आणि हा पोरगा फोनवरून मला सांगतोय, पाय काढा. अहो, एकतीस वर्षं एसटी चालवलेला माणूस मी. विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीला लावून निवृत्त झालो. ब्रेकवरून पाय काढ असं मला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

"काढले का?"

"काढले रे बाबा," मी म्हणालो. काढले नव्हते. उजवा पाय ब्रेकच्या वर अधांतरी धरला होता, पोटरीत गोळा यायची वेळ आली तरी.

पुढे एक कंटेनर साठ-बासष्टच्या वेगाने चालला होता. तो हळूहळू मोठा व्हायला लागला. मी दात आवळले. आणि गाडीने आपणहून वेग उतरवला. धक्का नाही, आवाज नाही. नव्वदचे ऐंशी, ऐंशीचे सत्तर, मग बासष्ट. मी दचकून डावीकडे पाहिलं. डावी सीट रिकामी होती. असणारच, गाडीत मी एकटाच होतो.

"बघितलं?" वैजूच्या आवाजात कौतुक मावत नव्हतं. "पुढे रडार आहे. समोरच्याचा वेग बघून ती स्वतःच अंतर राखते. तो थांबला तर आपण थांबतो, तो बाजूला झाला की पुन्हा नव्वद. समोर पडद्यावर गाडीचं चित्र आहे ना, त्याच्या मागे काड्या दिसतात का?"

"चार दिसतात."

"चार म्हणजे सगळ्यात लांब. एक केली की अगदी जवळ. स्टिअरिंगवर बटण आहे."

"चारच राहू दे. आणि माझ्या गाडीलाही क्रूझ कंट्रोल आहे म्हटलं, एवढा तोरा नको दाखवू."

"तुमचं साधं आहे, अण्णा. त्याला नव्वद सांगितलं की नव्वद. पुढे भिंत आली तरी नव्वद. त्याला डोळे नाहीत."

चार वर्षं ते बिनडोळ्यांचं क्रूझ मी सुखाने वापरलं होतं, मेहकर ते शेगाव, मेहकर ते लोणार, दोनदा तर पार नागपूर. एकदाही वाकडं काही झालं नव्हतं. मनात म्हटलं, डोळे ड्रायव्हरला असले म्हणजे पुरे.

आम्ही बापलेक असे दोन गाड्यांत का चाललो होतो, ते सांगायला हवं.

माझी बायको चंद्रकला, ती जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मेहकरच्या घरात मी एकटा. वैजू नाशिकला. तो फोनवर रोज म्हणायचा, इकडे या, आणि मी रोज म्हणायचो, बघू. असं चाललं होतं. पण शेजारच्या ढोलेबाईंनी मध्येच खोडा घातला. त्यांनी वैजूला फोन करून सांगितलं, "तुमचे अण्णा रोज संध्याकाळी गाडीत जाऊन बसतात. गाडी अंगणातच असते. चालू पण करत नाहीत. तास तास नुसते बसतात."

आता माझी गाडी, माझं अंगण. ढोलेबाईंना काय करायचं होतं? पण वैजू शुक्रवारी येऊन धडकला.

"काय करता गाडीत बसून?" त्याने विचारलं.

"हवा खातो."

"काचा बंद करून?"

मी त्याला ओरडलो, तो मला ओरडला. मग दोघंही गप्प बसून खिचडी जेवलो. हात धुताना तो म्हणाला, "लोक म्हणतात, पोराने बापाला अंतर दिलं."

"लोकांना काय धंदे आहेत? अंतर दिलं बिलं काही नाही. तू तिकडे, मी इकडे. ह्याला अंतर ठेवणं म्हणतात. अंतर ठेवणं वेगळं आणि अंतर देणं वेगळं. मराठी शाळेत शिकलास ना?"

त्याला हसू आलं नाही. मलाही खरं तर आलं नव्हतं.

शेवटी मीच शर्त घातली. म्हटलं, मी माझी गाडी स्वतः चालवत नाशिकला येतो. आठ दिवस राहतो. वाटेत एकदा जरी चुकलो, तरी गाडी विकायची आणि मी तिथेच राहायचं, तोंडातून ब्र काढणार नाही. नाही चुकलो, तर नवव्या दिवशी माझा मी माझ्या गाडीने परत येणार आणि हा विषय जन्मात पुन्हा काढायचा नाही.

"ठरलं?"

"ठरलं," वैजू म्हणाला. त्याने हात पुढे केला आणि मी टाळी दिली. मला काही चिंताच नव्हती. एकतीस वर्षांत ज्याने बसला ओरखडा येऊ दिला नाही, तो सिमेंटच्या सरळसोट रस्त्यावर काय चुकणार?

निघताना त्याने हट्ट धरला की पहिले शंभर किलोमीटर माझी गाडी चालवून बघा, ते शर्तीत धरू नका. त्याला वाटत असावं, नवीन गाडीची चटक लागली की म्हातारा जुनीचा नाद सोडेल. पोर हुशार आहे. आईवर गेलंय.

आणि खोटं कशाला बोलू, चटक लागली. जालन्याच्या अलीकडे माझे दोन्ही पाय चटईवर सपाट टेकलेले होते. कंटेनर यायचा, गाडी दबकायची, कंटेनर जायचा, गाडी पळायची. मी नुसता चाक धरून बसलेला, देवळातल्या पुजाऱ्यासारखा. सुख होतं. पण त्या सुखात आत काहीतरी टोचत होतं आणि काय ते कळत नव्हतं. गाडी वेग उतरवायची तेव्हा दर वेळी माझी मान डावीकडे वळायची.

जालन्याच्या पुढे पंपावर आम्ही थांबलो. मी चंद्रकलेचा थर्मास काढला. निळा, काचेच्या नळीचा, झाकणाला तिने नेलपॉलिशने ठिपका दिलेला, लग्नकार्यात कुणी पळवू नये म्हणून. दोन कपांत चहा ओतला.

"कशी वाटली?" वैजूने विचारलं.

"गाडी चांगली आहे. ड्रायव्हरला मात्र रिकामटेकडं करते."

"तुम्ही कधी कशाला चांगलं म्हणाल तर शपथ." तो हसला. मग चहा ढवळल्यासारखा कप फिरवत म्हणाला, "आईला आवडली असती."

"तिला काय आवडायचं? ट्रकच्या मागचं वाचत बसायला आवडायचं. हॉर्न ओके प्लीज. आईचा आशीर्वाद. बघतोस काय, रागाने. सगळं मोठ्याने वाचायची. डोकं उठायचं माझं."

"मग ओरडायचात का?"

"ओरडायचो की."

चहा संपला. किल्ल्या बदलल्या. वैजू म्हणाला, "आता तुमची शर्त सुरू. मी मागेच आहे."

मी माझ्या गाडीत बसलो आणि हुश्श झालं. क्लच, गिअर, ओळखीचा दरवळ. सीटला तिने शिवलेलं जाड सुती कव्हर. समोरच्या कप्प्यात तिची बडीशेपेची डबी होती, ती मी आठ महिन्यांत उघडली नव्हती की हलवली नव्हती. थर्मास डाव्या सीटवर ठेवला. आणि एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानातच आली नाही, की ती गेल्यापासून ह्या गाडीने मी हायवेवर पहिल्यांदाच निघालो होतो. तोवर फार तर बाजारापर्यंत नेली होती.

नव्वद झाले. बटण दाबलं. काटा नव्वदवर ठाम बसला. मी पाय टेकवले.

संभाजीनगर मागे पडलं. ऊन वर आलं होतं. आरशात वैजूची पांढरी गाडी दिसत होती, मोजून चार काड्या मागे. मी वेग वाढवला तर तीही वाढवायची, मी उतरवला तर तीही उतरवायची. मला वाटलं, पोरगा इतका जवळ आहे आणि मध्ये इतकी जागा आहे, त्या जागेतून त्याला हाक मारली तरी ऐकू जाणार नाही. मग स्वतःलाच म्हटलं, उत्तमराव, बावळटपणा पुरे, रस्त्याकडे बघा.

बघत होतो की. हेच तर सांगायचं आहे. मी झोपलो नव्हतो, माझं लक्ष उडालं नव्हतं, डोळे टक्क उघडे होते. पुढे कंटेनर होता, तांबड्या रंगाचा. मला तो लांबून दिसला. तो मोठा होत गेलेला दिसला. त्याच्या मागची पाटी दिसली. मग पाटीवरची अक्षरं दिसली. मग ती वाचता यायला लागली. सुरक्षित अंतर ठेवा. आणि मी निवांत होतो. माझे पाय चटईवर सपाट आणि मी वाट बघत होतो.

'ठेवा' मधली मात्रासुद्धा वाचून झाली.

दोन्ही पायांनी ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. टायर किंचाळले. गाडी शेपटी हलवल्यासारखी हलली. डाव्या सीटवरचा थर्मास उडून खाली आदळला आणि आत काच फुटल्याचा आवाज आला. कंटेनरचं मडगार्ड माझ्या बॉनेटपासून हातभर राहिलं असेल, वीतभरही असेल. मग ते सुटून पुढे गेलं. त्या ड्रायव्हरला काही कळलंसुद्धा नाही.

गाडी कशीबशी कडेला घेतली. धोक्याच्या दिव्यांचं बटण दोनदा हुकलं.

वैजू पळत आला. त्याने दार उघडलं, आधी माझा चेहरा पाहिला, मग छाती, मग हातपाय, लहान मुलाला बघतात तसं.

"लागलं का? अण्णा, बोला, लागलं का कुठे?"

"नाही."

"काय झालं? चक्कर आली? झोप?"

"नाही रे."

तो खाली बसला, तिथेच, उघड्या दाराशी, उकिडवा. त्याचाही श्वास चढला होता. त्याच्या गाडीने मागे स्वतःच ब्रेक मारला म्हणून तो वाचला होता, नाहीतर बापाच्या पाठीत लेक, अशी बातमी छापून आली असती. जरा वेळाने त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

"कळलं मला," तो म्हणाला. "चूक माझी आहे. शंभर किलोमीटर मी तुम्हाला ती गाडी चालवायला लावली. पायाला सवय झाली. तुम्हाला वाटलं, ही पण आपोआप थांबेल. होतं असं, अण्णा. एका गाडीतून दुसरीत बसलं की कुणाचंही होईल. माझंही होईल."

मी त्याच्याकडे पाहिलं.

"हे शर्तीत धरायचं नाही," तो म्हणाला. "माझ्यामुळे झालं. तुम्ही चुकला नाहीत."

पोरगा मनाने मोठा आहे माझा. शर्त तो जिंकला होता, हातात आलेली, आणि त्याने ती मला परत देऊन टाकली. मला फक्त मान डोलवायची होती. हो रे, तसंच झालं, एवढं म्हटलं की झालं. नवव्या दिवशी मेहकर. माझं घर, माझं अंगण, माझी गाडी, संध्याकाळी काचा बंद करून बसायला.

पण तसं झालं नव्हतं. थर्मास खाली पडला होता. मी वाकून उचलला, हलवला. आतून काचेचा चुरा वाजला.

"वैजू," मी म्हणालो, "मी गाडीची वाट बघत नव्हतो."

"मग?"

"तुझ्या आईची."

त्याने रिकाम्या डाव्या सीटकडे पाहिलं.

"ती अंतर म्हणायची," मी म्हणालो. "चार वर्षं. ह्याच सीटवर बसून. सुरुवातीला सगळं वाचायची. सुरक्षित अंतर ठेवा, असं पूर्ण. मग त्याचं नुसतं 'अंतर!' झालं. पुढे गाडी दिसली आणि जवळ यायला लागली की म्हणायची, अंतर! की मी ब्रेक दाबायचो. मी चिडायचो तिच्यावर. म्हणायचो, एकतीस वर्षं एसटी चालवली मी, तू मला शिकवू नको. तर म्हणाली, एसटीत तुमच्या मागे कंडक्टर होता, त्याने बेल मारली की तुम्ही थांबायचात. इथे कोण आहे?"

"आणि तुम्ही?"

"मी काय? मी क्रूझ लावायचो आणि पाय पसरून बसायचो. गप्पा हाणायचो. वाटायचं, काय झकास चालवतो आपण! अरे, मी चालवत नव्हतोच. मी नुसता बसलेला होतो. आत्ताही कंटेनर दिसत होता मला. माझे कान डावीकडे लागले होते. मी म्हटलं, सांगेल ती. अजून वेळ आहे, सांगेल."

रडलो. सहा-सात महिन्यांत रडलो नव्हतो, तो समृद्धीच्या कडेला पोराच्या समोर रडलो, गाड्या झुंईझुंई जात होत्या आणि त्यांच्या वाऱ्याने आमची गाडी हलत होती. वैजूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला होता. तो म्हणाला, "मला माहीतच नव्हतं." मी म्हणालो, "मलाही नव्हतं."

मग मी गाडी बंद करून किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली.

"शर्त म्हणजे शर्त," म्हणालो.

त्याने किल्ली घेतली. मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं की माणसं दोन आणि गाड्या दोन. कुणाला तरी ही चालवावी लागणारच होती. त्याने मुकाट्याने किल्ली परत माझ्या हातात ठेवली.

"नाशिकपर्यंत," तो म्हणाला.

"नाशिकपर्यंत."

तो पुढे झाला, मी मागे. क्रूझला हात लावला नाही. सगळा रस्ता पाय ब्रेकवर. पुढे काही दिसलं की मी मोठ्याने म्हणायचो, "अंतर!" आणि स्वतःच पाय दाबायचो. काचा बंद होत्या. माझाच आवाज माझ्याच कानात यायचा आणि बरा वाटायचा नाही. सिन्नरला उतरेपर्यंत चौदा वेळा म्हणालो.

गाडी महिन्याभरात विकली. एका मास्तरांनी घेतली. देताना त्यांना सांगितलं, क्रूझ साधं आहे, बरोबर कुणी असेल तरच लावा. मास्तर हसले, त्यांना वाटलं म्हातारा गंमत करतोय. बडीशेपेची डबी मी काढून घेतली.

नाशिकला घर मोठं, सून भली, नात गोड. कुणी काही कमी केलं नाही. पण दिवसभर कुणाला माझं काही काम नसायचं. आपलं काम नसलेल्या घरात माणूस पाहुण्यासारखा राहतो, पाणी पिऊन पेला स्वतः विसळून ठेवतो. आठ महिने मेहकरला एकटा होतो तेव्हा इतकं एकटं वाटलं नव्हतं.

मग दसऱ्याच्या आधी मेहकरचं घर उघडून झाडून यायचं ठरलं. वैजू आणि मी. तो चालवणार, मी डाव्या सीटवर. चंद्रकला बसायची त्या बाजूला मी त्या दिवशी पहिल्यांदा बसलो. इथून रस्ता वेगळाच दिसतो. हातात काही नसतं आणि सगळं अंगावर येतं. तिला इतकी वर्षं हे असं दिसत होतं तर.

सिन्नर मागे पडलं. वैजूने नव्वदला क्रूझ लावलं, पाय काढले. पुढे एक ट्रक होता. मी पाहिला आणि गप्प बसलो. म्हटलं, गाडीला डोळे आहेत, राखेल ती अंतर. आपण कशाला तोंड उघडा?

ट्रक मोठा झाला. गाडी दबकली नाही. मी वैजूकडे पाहिलं. तो समोर बघत होता, चेहरा साधा. पाय ब्रेकपाशी तयार. ट्रकच्या मागची अक्षरं दिसायला लागली.

"वैज्या, अंतर!"

त्याने लगेच ब्रेक दाबला. अलगद, जणू वाटच बघत होता.

मी पडद्याकडे पाहिलं. गाडीचं चित्र नव्हतं. त्या चार काड्याही नव्हत्या. नुसता नव्वदचा आकडा होता, माझ्या जुन्या गाडीत असायचा तसा.

"ते रडारचं काय झालं?" मी विचारलं.

"बंद केलंय," तो म्हणाला. "बटण दाबून धरलं की साधं होतं."

"का रे? काही बिघडलंय?"

"नाही."

"मग लक्ष कोण ठेवणार?"

"तुम्ही आहात की," वैजू म्हणाला, आणि पुन्हा नव्वद लावले.

मी पट्टा नीट ओढून घेतला आणि सरळ होऊन बसलो. खिशातून बडीशेपेची डबी काढली, थोडी त्याच्या तळहातावर ठेवली, थोडी स्वतः खाल्ली. पुढे लांबवर एक टँकर दिसत होता आणि मेहकर अजून अडीचशे किलोमीटर होतं.